चेन लिंक जाळीचा कटर: तार तोडायचा हुकूम लांबीने द्यायचा की फेऱ्याने?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जे कोणी जाळीचं मशीन चालवतात, दुरुस्त करतात किंवा नवीन घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. रोही आणि रानडुकरांनी शेतकरी जेरीस आलाय, त्यामुळे कुंपणाचं काम आपल्या पट्ट्यात भरपूर आहे. मशीन घेताना लोक विचारतात मोटर किती एचपीची, तासाला किती जाळी पडते आणि भाव काय. कटरबद्दल चकार शब्द नाही. आणि सहा महिन्यांनी फोन येतो तो मात्र कटरचाच.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. बंडलातून तार येते आणि वर्मच्या, म्हणजे आटे असलेल्या पोकळ नळीच्या, आट्यांमध्ये शिरते. वर्मच्या पोटात एक चपटी पट्टी फिरत असते. तार पट्टीभोवती गुंडाळली जाते आणि आट्यांमुळे पुढे ढकलली जाते. बाहेर पडते ती नागमोडी होऊन, गोल फिरत, आणि आधीच्या तारेत स्वतःच गुंतत जाते. जाळीची उंची भरली की पट्टी थांबते, कटर तार तोडतो, जाळी वर सरकते आणि पुढची तार सुरू होते.

आता मुद्द्यावर येतो. पट्टी अर्धा फेरा फिरली की जाळीच्या घराची (चौकोनी भोकाची) एक बाजू तयार होते. पूर्ण फेऱ्याला दोन बाजू. ५० मिलिमीटरच्या चौकोनी घराचा कर्ण सुमारे ७०.७ मिलिमीटर, म्हणून एका फेऱ्याला तार साधारण तेवढीच पुढे जाते. पाच फुटी जाळी म्हणजे १५२४ मिलिमीटर. भागाकार करा, २१.५५ फेरे येतात. तुम्ही मशीनला ‘१५२४ ला तोड’ सांगितलं तर पट्टी साडेएकवीस फेरे करून वर वीसेक अंश तिरकी होऊन थांबणार. कटर जागचा हलत नाही. त्यामुळे घाव तारेच्या वळणापाशी बसायच्या ऐवजी पुढे सरकतो. एका बाजूचं शेपूट आखूड राहतं, दुसऱ्या बाजूचं लांब.

साडेएकवीस फेऱ्यांना तोडली तर जाळी १५२० ची होते. चार मिलिमीटर कमी. शेतात त्या चार मिलिमीटरला कोणी विचारत नाही. पण टोक वाकडं तुटलं तर ते मुडपता येत नाही, आणि न मुडपलेलं टोक म्हणजे कुंपणाचं उघडं दार.

बरीच जुनी आणि बरीच स्वस्त नवी मशीनं लांबीवर चालतात. पन्हाळीच्या टोकाला एक पत्रा असतो, तारेचं नाक त्याला जाऊन धडकलं की लिमिट स्विच दबतो आणि कटर पडतो. तार मऊ असेल तर वळणं घट्ट बसतात, कडक असेल तर परत उसळतात आणि घर थोडं मोठं पडतं. एका फेऱ्यामागे अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी साडेएकवीस फेऱ्यांत तो दहाच्या वर जातो. म्हणजे बंडल बदललं की कटरचा घाव बदलला. मग लोक पात्याला धार लावत बसतात. धारेचा त्यात काही संबंध नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कटरला हुकूम फेऱ्याने द्या आणि पट्टी चपटी थांबल्याशिवाय पातं खाली येऊ देऊ नका. हे साध्या लोखंडी यंत्रणेनेही होतं, महागडं पॅनेल लागतंच असं नाही. कोणाचा काय अनुभव?

केळीवाला रावेर

धागा वाचून बरं वाटलं. मी जाळी बनवत नाही, विकत घेतो. पण टोकाचं म्हणाल तर ते आम्हाला भोगावं लागतं.

आमच्या शिवारात एका कोपऱ्यातून जाळी उसवत गेली. डुकरांनी खालून नाक घालून उचलली असं आधी वाटलं. जवळ जाऊन बघितलं तर तार कुठेच तुटलेली नव्हती. खालची दोन-तीन टोकं मुडपलेलीच नव्हती, सरळ खाली लोंबत होती. जनावरांनी अंग घासून घासून एक अख्खी तार स्क्रूसारखी फिरत बाहेर आली होती. ती निघाली की शेजारच्या दोन्ही तारांना धरायला कोणी उरत नाही. केळीची कोवळी बाग आत, आणि कुंपणाला माणूस जाईल एवढी फट.

विकणाऱ्याला दाखवलं तर म्हणे, तार चांगल्या कंपनीची आहे, बारा गेज (जाडीचं माप) आहे. तार चांगली होती हे मलाही मान्य. टोकाचं काय, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता जाळी घेताना मी गुंडाळी उभी करून दोन्ही कडांवरून हात फिरवून बघतो. सगळी टोकं एका रांगेत, एका लांबीची आणि पूर्ण वळलेली असली तरच घेतो. शेतकऱ्यांना हेच सांगेन. गेज मोजायला सगळे जातात, कड बघा.

पांझरा

धुळ्यात पॅनेलचं काम करतो, जाळीच्या मशीनची पॅनेलंही केलीत. धागाकर्त्यांचं गणित बरोबर. पण २०२० नंतरच्या काळात लोखंडी यंत्रणेचा आग्रह कशाला? एक प्रॉक्सी सेन्सर (न शिवता धातू ओळखणारा), एक छोटा पीएलसी (मोजून हुकूम देणारा छोटा संगणक), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा). अर्धे फेरे मोजा, शेवटच्या फेऱ्यात वेग कमी करा, चपट्या जागी थांबवा, सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) कटर पाडा. उंची बदलायची तर स्क्रीनवर आकडा बदला. चार फुटीवरून पाच फुटीवर जायला पाना हातात घ्यावा लागत नाही.

गिरणाकाठ

पांझरा दादा, पीएलसीला माझा विरोध नाही. मोजणी त्याने करावी, पण पट्टीला धरून ठेवायचं काम त्याच्यावर सोडू नये.

पहिली गोष्ट, सेन्सर कुठे लावतात ते बघा. बहुतेक जण मोटरच्या शाफ्टला लावतात, कारण तिथे जागा असते. मोटर आणि पट्टी यांच्यामध्ये व्ही बेल्ट आहे. बेल्ट थोडा थोडा सरकतोच. मोटरचे फेरे बरोबर मोजले गेले तरी पट्टीचा कोन हळूहळू निसटत जातो. सकाळी मशीन लावली तेव्हा टोकं सरळ आणि दुपारनंतर वाकडी, अशी तक्रार आली की मी आधी सेन्सरची जागा बघतो. सेन्सर पट्टीच्या शाफ्टलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. व्हीएफडी वेग उतरवतो, ब्रेक मोटर थांबवते, पण ब्रेकचं लायनिंग झिजतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली पॅनेलमध्ये काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्याकडच्या जुन्या मशीनवर पट्टीच्या शाफ्टला एक जाड चकती आहे. तिला समोरासमोर दोनच खाचा, १८० अंशांवर. वरून स्प्रिंगने दाबलेली एक कडक लोखंडी जीभ. फेरे भरायला आले की जीभ सुटते, चकतीवर घासत येते आणि खाचेत खटकन बसते. पट्टी थांबली तर चपटीच थांबते, मधे थांबायला तिला जागाच नाही. आणि कटरचा कॅम (पात्याला ढकलणारा उंचवट्याचा भाग) त्या जिभेलाच जोडलेला आहे. जीभ खाचेत पूर्ण उतरली नाही तर कटर हलतच नाही.

मोजणीसाठी रॅचेटचं चाक, म्हणजे एकाच दिशेने सरकणारं दातांचं चाक. शाफ्टवरचा दुहेरी उंचवटा प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला खिटीला ढकलतो, चाक एक दात पुढे. पाच फुटीला ४३ दातांचं चाक, म्हणजे साडेएकवीस फेरे. चार फुटीला ३५ दातांचं, त्याची जाळी १२३७ मिलिमीटर निघते. तीन इंची, म्हणजे ७५ च्या घराला एका फेऱ्याला १०६ मिलिमीटर पुढे जातं, तिथे पाच फुटीला २९ दात. चाकाचा एक वेढा पूर्ण झाला की जीभ सुटली.

सगळी चाकं विषम दातांची आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. जाळीत शेजारशेजारच्या दोन तारा एकमेकींच्या उलट बाजूला वळलेल्या असतात, एकीचं वळण उजवीकडे तर तिथेच दुसरीचं डावीकडे, तेव्हाच त्या एकमेकींत अडकतात. अर्ध्या फेऱ्यांची संख्या विषम ठेवली की आधीची तार जिथे संपली तिथून पुढची आपोआप उलट बाजूने सुरू होते. ज्याने कोणी हे पहिल्यांदा बसवलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. एका चाकाच्या दातांमध्ये लांबी, कोन आणि विण तिन्ही गोष्टी बसवल्या आहेत.

तुमचा पीएलसी आणि माझी जीभ एकत्र बसवा. मोजणी त्याची, पकड हिची. उत्तम मशीन होईल.

पांझरा

खाच आणि जीभ पटली. सेन्सर पट्टीच्या शाफ्टला हेही पटलं, मी तरी तिथेच लावतो. फक्त एक भर घालतो. जीभ खाचेत उतरल्याची खूण देणारा दुसरा सेन्सर लावा आणि त्याच्याशिवाय सोलेनॉइडला सप्लाय जाऊ देऊ नका. म्हणजे कॅमचं काम विजेवरही तसंच होईल. त्यासाठी प्रोग्रॅमसुद्धा लागत नाही, साधी सीरिज वायरिंग.

आयटीआय मास्तर

भुसावळहून. फिटर ट्रेडची मुलं शिकवतो, त्यामुळे पात्याबद्दल चार शब्द लिहितो. कोनाचं निस्तरलं की मग पात्याकडे वळायचं, हा क्रम योग्य आहे.

जोर किती लागतो बघा. बारा गेज तार म्हणजे २.६४ मिलिमीटर, छेद साधारण ५.५ चौरस मिलिमीटर. कुंपणाच्या मऊ पोलादी तारेला तोडायला प्रत्येक चौरस मिलिमीटरला अंदाजे ३८ किलोचा जोर धरा. झाले २१० किलोच्या आसपास. दहा गेज, ३.२५ मिलिमीटर, तिथे ३२० च्या जवळ. आठ गेज, ४.०६ मिलिमीटर, तिथे ५०० च्या जवळ. गेज दोनने उतरलं की जोर दीडपट होतो. बारा गेजसाठी बांधलेल्या कटरवर दहा गेज चालवणाऱ्यांनी हे आकडे शेडच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. लिव्हर वाकत नाही, पिन झिजते. पिन झिजली की पातं बाजूला कलतं, पातं कललं की फट वाढते.

फट म्हणजे दोन पात्यांमधलं अंतर. तारेच्या जाडीच्या पाच ते आठ टक्के ठेवा. बारा गेजला ०.१३ ते ०.२१ मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) पाचशे रुपयांच्या आत येतं, ते न घेता डोळ्याने फट लावणारे पुष्कळ आहेत.

तुटलेलं टोक भिंगाखाली धरा, सगळी कहाणी तिथे वाचता येते. टोकाच्या एका कडेला तार थोडी दबलेली दिसते, त्याखाली चकचकीत पट्टा आणि त्याखाली खरबरीत, राखाडी भाग. चकचकीत भाग म्हणजे पातं जिथवर खरोखर घुसलं ते, खरबरीत म्हणजे जिथे तार चिरली. चकचकीत पट्टा साधारण तृतीयांश आणि कड जवळपास साफ असेल तर फट योग्य. पट्टा अगदी बारीक, दाब मोठा आणि खाली बर (कडेला राहिलेला धातूचा पापुद्रा) लोंबतोय, तर फट जास्त. एकाऐवजी दोन चकचकीत पट्टे दिसले तर फट कमी, पातं तारेला दोनदा कापतंय.

पात्याला एचसीएचसीआर म्हणजे डी टू पोलाद घ्या, कडकपणा ५८ ते ६० रॉकवेल. त्याहून कडक केलं की कडेचे टवके उडतात. धार लावताना समोरचा पृष्ठभाग सरफेस ग्राइंडरवर घासा, वर पाण्याची धार चालू ठेवून, आणि जेवढं घासलं तेवढी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) मागे घाला. हातातल्या ग्राइंडरने धार लावलेलं पातं निळं पडतं, मग ते पातं राहत नाही.

शहाद्याची ताई

माझं आणि मिस्टरांचं जाळीचं युनिट आहे, मशीन मी बघते. आमच्याकडे वेगळंच होतंय. जाळी निघताना मधूनच पुढची तार आधीच्या तारेत शिरत नाही. नाक अडकतं, मागून तार येत राहते आणि वर्मच्या तोंडाशी गुंता होतो. मग मशीन बंद, पक्कड घ्या, कापा, परत लावा. बारा गेजला कमी होतं, दहा गेजला जास्त. मेकॅनिक म्हणतो वर्म बदला. वर्मची किंमत ऐकून छातीत धस्स झालं. हे कटरमुळे असू शकतं का?

गिरणाकाठ

ताई, वर्मला हात लावू नका. आधी कटरच बघा.

एका घावात दोन टोकं तयार होतात. एक या तारेचं शेपूट आणि दुसरं पुढच्या तारेचं नाक. शेपटाची काळजी सगळे करतात कारण ते गिऱ्हाईकाला दिसतं. नाकाकडे कोणी बघत नाही. पण त्याच नाकाला आधीच्या तारेच्या प्रत्येक वळणातून वाट काढत पार टोकापर्यंत जायचं असतं. नाकाला बर राहिला किंवा ते चपटं होऊन खाली वाकलं, तर ते पहिल्या-दुसऱ्या वळणातच अडकणार.

पुढच्या वेळी गुंता झाला की घाई करू नका. मशीनचा मेन स्विच बंद करा आणि अडकलेलं नाक तिथल्या तिथे बघा. चपटं झालंय, की बर लोंबतोय, की टोक सरळ आहे पण भलत्याच बाजूला वळलंय? पहिली दोन असतील तर पात्याची गोष्ट. तिसरं असेल तर पट्टी तिरकी थांबतेय.

शहाद्याची ताई

बघितलं. चपटं आहे. बोटाने सहज जाणवतं, एका बाजूने रुंद झालंय. बरही आहे. आणि अजून एक, दोन्ही पात्यांच्या मध्ये पांढुरकी, चिकट माती बसल्यासारखी दिसली. सुईने काढली तर पापुद्रे निघाले.

आयटीआय मास्तर

ताई, ती माती नाही, जस्त आहे. जीआय तारेवरचं जस्त वर्ममधून घासत येताना सुटतं, वर्मच्या तेलात मिसळतं आणि कटरच्या फटीत येऊन बसतं. प्रत्येक घावाला ते दाबलं जातं, थर वाढतो आणि वरचं पातं बाहेर ढकललं जातं. मग पातं तारेला कापायच्या आधी लोळवतं, म्हणून टोक चपटं. दहा गेजला जोर जास्त, लोळणंही जास्त.

पितळी ब्रश आणि रॉकेलने फट साफ करा. पोलादी ब्रश नको, धारेला लागतो. नंतर फिलर गेज घाला आणि आकडा इथे लिहा. आणखी एक पाहा, पातं सपाट आहे की त्यात तारेच्या गोलाईची खोबण आहे?

शहाद्याची ताई

साफ केल्यावर ०.४० ची पट्टी आरामात जाते. पातं सपाट आहे, खोबण नाही.

आयटीआय मास्तर

दहा गेजला ०.१६ ते ०.२६ पाहिजे. तुमची दीडपटीच्याही वर आहे. मागे शिम घालून बघा, आणि पिनमध्ये खेळ आहे का तेही. पातं हाताने आडवं हलवलं तर हललं नाही पाहिजे.

खोबणीचं सांगतो. सरळ तार तोडायची असती तर पोलादी बुशच्या भोकातून काढून तोंडाशी कापली असती, टोक गोल राहिलं असतं. इथे तार वाकडी होऊन बाहेर येते, भोकातून जाणार नाही. म्हणून पातं उघडं ठेवावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही पात्यांच्या कडेला तारेच्या अर्ध्या गोलाईची उथळ खोबण. तार त्यात बसते, घावाच्या वेळी बाजूला पसरायला जागा मिळत नाही. दोन गेजच्या तारा चालवत असाल तर पात्याच्या दोन कडांना दोन मापांच्या खोबणी करून घ्या आणि पातं उलटून वापरा. हीट ट्रीटमेंटच्या आधी खोबण काढायची, नंतर ती काढणं जड जातं.

अमळनेरकर

बठ्ठासले राम राम. मनी मशीन जुनी शे, पायडलवाली. पाय दाबीसन कटर चालस. फेरासनं गनित माले पटनं. पन माले आते दोन तारनी मशीन लेवानी शे. एकच पट्टीवर दोन तारा येतस. मंग कटरनं कसं करानं?

गिरणाकाठ

राम राम आबा. दोन्ही तारा एकाच पट्टीवर असल्यामुळे कोनाचा नियम तोच राहतो, पट्टी चपटी थांबली पाहिजे. बदलतो तो जोर. दोन तारा एका क्षणी तोडायच्या म्हटलं तर दुप्पट. मास्तरांच्या हिशेबाने दहा गेजच्या दोन तारांना ६४० किलो. त्यासाठी लिव्हर, पिन, फ्रेम सगळं भारी करावं लागतं आणि प्रत्येक घावाला मशीन हादरते.

त्याऐवजी वरच्या पात्याला पायरी करून घ्या. एक भाग दुसऱ्यापेक्षा तारेच्या जाडीपेक्षा थोडा जास्त खाली. पहिली तार तुटून झाली की मग दुसरीला पातं लागतं. एका वेळी जोर एकाच तारेचा. पात्याची चाल तेवढी वाढते, कॅमवर तेवढी उंची आहे का ते मशीन घ्यायच्या आधी विचारा.

आणि पायडलवाली मशीन लगेच भंगारात देऊ नका. लाइट गेली की तिचंच राज्य.

सातपुडा

चोपड्याहून. काटेरी तारेचं मशीन चालवतो. आमच्याकडे कटरचं काम अगदी उलटं आहे, तुम्ही टोक बोथट आणि मुडपलेलं राहावं म्हणून धडपडता आणि आम्हाला ते टोचणारं पाहिजे. दोन मुख्य तारा पीळ घेत पुढे जातात, बाजूने काट्याची तार येते, मुख्य तारेला वेढे घेते आणि कटर ती तिरकी तोडतो. तिरपा छेद असल्यामुळेच अणकुची येते. काट्याला वेगळी धार कोणी लावत नाही, कटरच लावतो. पात्याची कड गोल झाली की काटा लांबीला तेवढाच दिसतो पण टोचत नाही.

अमेरिकेत जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी काटेरी तारेचं पेटंट मिळालं. काटे वळवायला त्याने सुरुवातीला कॉफी दळायच्या हातयंत्राचा वापर केला असं सांगतात. काटा तारेवरून घसरू नये म्हणून दोन तारांना पीळ द्यायचा, ही त्याची खरी युक्ती. आजही आपली मशीनं तेच करतात.

गिरणाकाठ

छान माहिती. जाळीचं मूळही असंच आहे. इंग्लंडमधल्या नॉर्विच गावात चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ मध्ये तारजाळीचं यंत्र बनवलं, ते कापडाच्या मागावरून. नॉर्विच विणकरांचं गाव. आपल्या धुळे-अमळनेरच्या गिरण्यांत काम केलेली जुनी माणसं जाळीच्या मशीनपाशी उभी राहिली की त्यांना ती चटकन कळते. मोजून सोडायचं, अडकवायचं, तोडायचं, पुढे सरकवायचं, मागावरचाच क्रम.

केळीवाला रावेर

एक शंका. तुम्ही टोक तोडलं की जस्ताचा थर तिथे संपला. आतलं लोखंड उघडं. मग गंज टोकापासूनच धरणार ना?

आयटीआय मास्तर

रास्त शंका आहे. छेदावर लोखंड उघडं पडतं हे खरं. पण जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील असतं, आणि दोन्ही एकमेकांना लागून असले की आधी स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. छेद दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर आजूबाजूचं जस्त त्याला पुष्कळ काळ सांभाळतं. टोकावर थोडा तांबूस रंग दिसेल, घाबरू नका. गंज तारेवर पुढे पुढे सरकत जायला लागला तर समजा की जस्ताचा थरच पातळ होता. बर मात्र वाईट. त्या पापुद्र्यात पाणी आणि माती धरून राहते. म्हणून साफ घाव हा गंजासाठीही चांगला. चेन लिंक जाळीसाठी भारतीय मानक आय एस २७२१ आहे आणि काटेरी तारेसाठी आय एस २७८, मोठी खरेदी असेल तर पावतीवर तसं लिहून मागा.

पांझरा

कटरचा विषय निघालाच आहे तर बोटांचं बोलू या. कटरवर जाळीचं आवरण असतं ते पहिल्याच आठवड्यात काढून कोपऱ्यात ठेवलेलं मी कितीतरी शेडमध्ये बघितलंय. गुंता काढायला अडचण होते म्हणून. सोलेनॉइडवाल्या कटरला माणसाची बोटं आणि तार यातला फरक कळत नाही, आणि लाइट गेली-आली की मधल्या अवस्थेतला कटर सुटू शकतो. आवरणाला स्विच लावा, ते उघडलं की सप्लाय तुटला पाहिजे. फिरत्या आणि कापणाऱ्या भागांना आवरण घालणं हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्येच होतं. तुमची शेड लहान म्हणून कायद्याच्या कक्षेत येवो न येवो, हात तोच आहे.

गिरणाकाठ

याला शंभर टक्के पाठिंबा. वर मी ताईंना ‘मेन स्विच बंद करा’ लिहिलं ते त्यासाठीच. रॅचेट-कॅमच्या यंत्रणेतही स्प्रिंग ताणलेली असते, वीज बंद असली तरी ती सुटते. म्हणून जीभ खाचेत उतरवून, कॅम हाताने पूर्ण फिरवून, पातं खाली आणून मगच आत हात घालायचा. आमच्याकडे नवीन मुलाला मशीन चालवायला शिकवण्याआधी हे शिकवतो.

शहाद्याची ताई

कळवायचं राहिलं. पिनमध्ये खेळ होता. पिन आणि बुश नवीन टाकले, शिम घालून फट ०.२० वर आणली. दहा गेजचं अख्खं बंडल गुंता न होता निघालं. टोकाच्या भिंगाखालच्या पट्ट्याचा फोटो मास्तरांना पाठवते. वर्म तोच आहे.

पण आता कड बघायची सवय लागली तर दिसतंय की बंडल संपत आलं की शेवटच्या काही तारांची शेपटं लांब पडतात. आमचं मशीन पत्र्याला धडकून थांबणारं आहे. हे तेच का?

गिरणाकाठ

तेच, ताई. बंडल संपत आलं की चरखा हलका होतो, आतल्या वेढ्यांची गोलाई लहान असते आणि तार झटके देत येते. ताण बदलला की वळणाची उसळी बदलते, आणि लांबीवर थांबणारं मशीन त्या फरकाचा हिशेब टोकाच्या घावात दाखवतं. चरख्याला चामड्याच्या पट्ट्याचा साधा ब्रेक लावा, ताण बराचसा एकसारखा राहील. तेवढ्याने भागेल, पण पुरतं जाणार नाही. पुरतं घालवायचं तर पट्टीच्या शाफ्टला दोन खाचांची चकती बसवा. शाफ्टचा व्यास आणि मागे किती जागा मोकळी आहे ते मोजून इथे टाका. चकती बारा मिलिमीटर जाडीची, खाच बाहेरच्या बाजूला थोडी रुंद आणि आत निमुळती ठेवायची, म्हणजे जीभ आपोआप मधोमध बसते आणि झिजली तरी खेळ येत नाही. चावीची खाच (चकती शाफ्टवर फिरू नये म्हणून बसवायच्या खिळीची) चकतीला शेवटी मारा, पट्टी प्रत्यक्ष चपटी उभी करून, कोनाची खूण करून मगच. आधी मारली तर कोन चुकतो आणि चकती फुकट जाते.